साताखालचा सहा

दुकानाचं शटर वर गेलं, की पिशवी खुंटीला अडकवायच्याही आधी बाई पाकिटातली चिल्लर खिडकीशी नेत. एकेक नाणं चिमटीत धरायचं, उजेडात तिरकं करायचं, आकड्यांवरून नजर फिरवायची आणि परत पाकिटात टाकायचं. ताप असला तर हेच अंथरुणात बसून. जित्याची खोड!

बाई रफूचं काम करत. ड्रायक्लीनरच्या मागच्या खोलीत एक टेबल, एक दिवा आणि टोपलीभर रंगीत रिळं. नाण्यांचा नाद तिथेच लागला. फाटक्या खिशातून नाणी कोटाच्या अस्तरात उतरतात आणि अस्तर उसवलं की बाहेर पडतात. अशाच एका नाण्यावरची अक्षरं त्यांना दुहेरी दिसली, जणू ठसा मारताना कुणाचा हात हलला होता. कोटवाला म्हणाला, "ठेवा तुम्हालाच, बाई." तेव्हापासून टांकसाळीत अशी चुकलेली नाणी शोधत त्या नाण्यांच्या प्रदर्शनांना जाऊ लागल्या.

तिथे काचेखालच्या नाण्यांपुढून त्या न थांबता जात. नुसता भाव विचारायलाही छाती लागते. त्यांचं ठिकाण कोपऱ्यातला खुर्द्याचा खोका. त्यातलं कुठलंही नाणं घ्या, दर एकच. खोकेवाल्याने त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं होतं.

"या भिंगमावशी! आज किती दिवाळं काढणार माझं?"

"मावशी कुणाची? तुम्ही माझ्याहून मोठे आहात."

"वयाचा विषय निघाला की मला ऐकू येत नाही."

त्यांच्याशी इतकं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

या शोधाचा एक शिरस्ता असतो. हवं ते सापडलं तरी ताकास तूर लागू द्यायची नाही. नाणं हातात फार वेळ धरायचं नाही, चार साध्या नाण्यांत मिसळून सगळी एकदम पुढे करायची. विकणाऱ्याला सुगावा लागला की दर चढलाच. बाईंच्या अंगी हे इतकं मुरलं होतं की धाकटी बहीण म्हणे, "ताई, तुला भाचा झाल्याचं सांगितलं, तेव्हाही तू रीळच गुंडाळत होतीस."

बाईंना खरं तर एकच नाणं हवं होतं. एका वर्षी टांकसाळीने आदल्या वर्षीचा ठसा वापरला, त्यावरच्या सालातल्या शेवटच्या सहावर सात कोरला, आणि काही नाण्यांवर साताच्या आडून सहाची शेपटी डोकावत राहिली. ते नाणं एका दुपारी त्याच खोक्यात त्यांच्या बोटांना लागलं. तरी हात नेहमीसारखाच चालत राहिला. साध्या नाण्यांबरोबर त्यांनी ते पुढे केलं.

"एवढंच?"

"एवढंच."

घरी येऊन दिव्याखाली ते पुन्हापुन्हा पाहिलं. मग बहिणीला फोन केला.

"मग विकून टाक की! वॉशिंग मशीन तरी येईल."

"बघते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ड्रायक्लीनरला दाखवलं. तो म्हणाला, "चालत नाही का हे?"

हे पाहून ज्याचे डोळे चमकले असते, ज्याने हातातून भिंग हिसकावून घेतलं असतं, असा जगात एकच माणूस होता. आणि नाणं त्याच्याच खोक्यातलं होतं. विकणाऱ्याला असलं काही दाखवायला त्या बाजारात कुणी जात नाही.

पुढची काही प्रदर्शनं नाणं पाकिटातच राहिलं. मग एकदा खोकेवाल्याने विचारलं, "आज गप्प का?"

"मी रोजच गप्प असते."

"आजचं गप्प वेगळं आहे."

बाईंनी नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं आणि भिंग दिलं. तो वाकला. वाकलेलाच राहिला. "अहो, साताखालचा सहा! आयुष्यात पहिल्यांदा बघतोय." शेजारच्या टेबलाला हाक मारायला त्याने हात वर केला. तेवढा वेळ दोघंही लहान पोरांसारखे खूश होते.

"मिळालं कुठे?"

खोटं बोलता आलं असतं. "इथेच. तुमच्या खोक्यात."

हात खाली आला. "वा! विहीर आमची, आणि तहानलेलेही आम्हीच." तो हसला, पण हसू ओठांपुढे गेलं नाही.

"घ्या. तुमचंच आहे."

"छे. विकलं ते विकलं."

पुढच्या वेळी स्टूल जागेवर होतं, खोकाही होता. खोकेवाल्याच्या गळ्यात मात्र नवंकोरं भिंग लटकत होतं. "आता मी आधी चाळून ठेवतो. राग नाही ना?"

"राग कसला?"

दिवाळ्याची थट्टा त्यानंतर कधी झाली नाही. चाळलेल्या खोक्यात काही सापडत नाही हे कळूनही बाई येत राहिल्या. त्याची नजर अजून कच्ची होती, एखादं नाणं निसटायचंच. ते बाई त्याच्यापुढे सरकवत. "हे बाजूला ठेवा. स्वस्तात देऊ नका." तो मान हलवून गिऱ्हाइकाकडे वळे. आता चेहरा सांभाळायचं कारण उरलं नव्हतं, पण चेहऱ्याची उघडायची सवयच मोडली होती.

त्या हिवाळ्यात बाई गेल्या. स्टुलावर आता रिकामे खोके रचलेले असतात. त्यांच्या शेवटच्या प्रदर्शनात दिवसभर फारसं बोलणं झालं नव्हतं. संध्याकाळी गिऱ्हाइकासाठी काहीतरी शोधत खोकेवाला घाईघाईने खोक्यावर वाकला, तेव्हा मान वर न करता बाई म्हणाल्या,

"जरा तिकडे सरका हो, सावली पडतेय."