हळूबाईंच्या हातचं पाणी

दम्याची सुई त्या इतकी हळू देत, की बघणाऱ्याचाच श्वास अडकायचा. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातल्या या नर्सबाईंना सगळे हळूबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. स्टूल ओढून रोग्याजवळ बसायचं, हाताची शीर चाचपायची आणि पिचकारीचा दट्ट्या असा दाबायचा, की तो हलतोय की नाही हेच कळू नये.

“अवं बाई, टोचा ना लवकर, मानूस चाललं!” सोबतच्या बायका ओरडत.

“घाई केली तं काळीज धडधडते न् दम्याच्या आंधी मानूसच जाते,” मान वर न करता त्या म्हणत. “तुमी बोला. आज घरी काय रांधलं?”

रोग्याला बोलवत नसे, म्हणून सोबतच्याने सांगायचं. मीही सांगितलंय. समोर माय माशासारखी तोंड उघडतेय, मिटतेय, आणि मी अंबाडीच्या भाजीत कण्या कधी टाकायच्या ते सांगतोय. त्यावर हळूबाई म्हणाल्या, “एवढ्या कण्या? भाजी हाय का खीर हाय, भाऊ?” भाजी शिजेपर्यंत औषध संपलं होतं आणि मायचे खांदे खाली आले होते. हा वेडेपणा की शहाणपण, मला काही उमगेना.

हळूबाई मूर्तिजापूरकडच्या. घरचे सगळे छप्पन साली बौद्ध झालेले. मायने आडनाव विचारलं तेव्हा त्यांनी ते सांगितलं आणि वर म्हणाल्या, “अजून काही पुसाचं हाय?” मायने कूस बदलली.

“सुई चालते बापा,” त्या गेल्यावर माय मला म्हणाली. “सुई सरकारची. पन तिच्या हातचं पानी कसं घोटू?”

पाणी होतं गोळीसोबत. सुईने उतरलेला दम पुन्हा चढू नये म्हणून त्याच औषधाच्या गोळ्या असत. हळूबाई गोळी देत, आपल्या भांड्यातलं पाणी पेल्यात ओतीत आणि उभ्या राहत. माय गोळी गालात धरी, पेला नुसता ओठांना लावून, घोट घेतल्यासारखं करून परत देई. त्यांची पाठ वळली की गोळी पदराच्या गाठीत.

मी ते पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी.

घरून तांब्या आणणं काय अवघड होतं? जुन्या शहरातून मोर्णेचा पूल ओलांडायचा, बस. पण मी तेव्हा जातपात न मानणारा तरुण म्हणून मिरवत होतो. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात चहा पिता पिता भाषणं ठोकायचो. खाटेशी घरचा तांब्या ठेवला तर हा कसल्या घरातला, हे हळूबाईंना कळणार. मायचा दमा मोठा की माझी अब्रू, असा विचार मी केला असंही नाही. केला असता तर बरं झालं असतं. मी नुसता गप्प राहिलो. त्यांनी विचारलं, “गोळी घेतली ना मायनं?” की म्हणायचं, “घेतली.”

एका दुपारी मायचा दम असा चढला, की ओठ निळे पडले. हळूबाईंना धावताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. त्यांनी ऑक्सिजनची नळी लावली, पिचकारी भरली, आणि थांबल्या.

“भाऊ, गोळ्या पोटात हायत ना? नसतीन तं लगेच सुई लावू. असतीन तं वरून हे झेपाचं नाही, डॉक्टरले पुसा लागते. खरं सांगा.”

मायने माझ्याकडे पाहिलं. सांग म्हणत होती, की सांगू नको म्हणत होती? तो चेहरा मी पुष्कळदा आठवून पाहिलाय. आजही ठरत नाही.

“पोटात आहेत,” मी म्हणालो.

डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात होते. ते बऱ्याच वेळाने आले, सुई द्या म्हणाले. हळूबाईंनी ती हळूच दिली, पण या वेळी रांधल्याचं विचारलं नाही. ती संपायच्या आत माय गेली.

पुढे अमरावतीला एका ओळखीच्या डॉक्टरांना मी हे विचारलं, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं. ते म्हणाले, “लगेच दिली असती तर वाचल्या असत्या असंही नाही, अन् नसत्या वाचल्या असंही नाही.” ते ऐकून सुटल्यासारखं वाटावं की अडकल्यासारखं, तेही मला कळलं नाही.

मायचा पदर हळूबाईंनीच नीट केला. हाताला गाठ लागली. सुपारी असेल म्हणून सोडली. आत अर्धवट विरघळून एकमेकींना चिकटलेल्या गोळ्या. त्यांनी गोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डॉक्टर तिथंच पाठमोरे हात धूत होते. हळूबाईंनी मूठ मिटली आणि खिशात घातली. त्यांनी मायची लाज राखली, माझी, की स्वतःची नोकरी?

“घरचं पानी आनलं असतं,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “तं मी काय नाही म्हनलं असतं, भाऊ? काहून नाही सांगलं?”

मी खाटेचा गज धरला. त्यांना ते दिसलं असावं. त्याच भांड्यातून त्यांनी पेला भरला आणि पुढे केला.

“घ्या. आंग कापून राहिलं तुमचं.”

मी घेतला. आजवर ही आठवण सांगताना मी एवढंच सांगत आलो, की त्यांच्या हातचं पाणी मी तिथंच, मायच्या खाटेशी प्यालो. लोक कौतुक करतात. खरं असं आहे, की पेला ओठांना लावण्याआधी मी दाराकडे पाहिलं होतं, आमच्या गल्लीतलं कुणी उभं तर नाही ना.

हळूबाईंनी ते पाहिलं. सुई देताना थांबत तशाच, कसलीही घाई न करता, पेला रिकामा होईपर्यंत माझ्यासमोर उभ्या राहिल्या.