सरांची रिकामी खुर्ची

आमचे मराठीचे सर वर्गात आले की आधी आपली खुर्ची उचलून मधोमध आणून ठेवत आणि स्वतः उभेच राहत. ज्यानं काही लिहून आणलं असेल, त्यानं ते त्या रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवायचं. दोन ओळी झाल्या की सर अडवत, "थांब. खुर्चीवर कोन बसलं हाये?"

तुम्हालाही असा एखादा मास्तर भेटला असेल. मला भेटला तेव्हा बाबा हिंगणघाटच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठी उचलत आणि आई लोकांच्या शेतात निंदणाला जाई. कॉलेजात घालण्याजोगा माझा ड्रेस एकच. संध्याकाळी धुवायचा, सकाळी ओला असला तरी तोच अंगात.

एकदा सरांनी कवितेतल्या बैलाच्या वतीनं कवीला उत्तर लिहायला सांगितलं. मागच्या बाकावरच्या एकानं लिहिलं, "माह्यावर कविता नोको करू, पानी पाज." सरांनी ती वही वर्गभर फिरवली. "याले म्हनतात उत्तर!"

दुसऱ्या वर्षी हिंगणघाटच्या कॉलेजातून आमच्या गावी परतायची पाचची एसटी बंद झाली. बाबा म्हणाले, "गाडी बंद, कॉलेज बंद. पोरगी अंधारात पायी येनार नाई."

मी रडतच सरांकडे गेले. "रडून नोको दाखवू, लिहून दाखव," ते म्हणाले.

दोन पानी अर्ज लिहिला. स्त्रीशिक्षण, देशाची प्रगती, उज्ज्वल भवितव्य, काही सोडलं नाही. खुर्चीसमोर वाचायला लागले.

"थांब. कोन बसलं हाये?"

"डेपो मॅनेजर, सर."

"त्याले देशाची प्रगती करा लागते का गाडी भरा लागते? गाडी काऊन बंद केली त्यानं?"

"रिकामी जात होती."

"मंग तुह्या अर्जात रिकाम्या गाडीचं नावच नाई!"

वर्ग हसला. मीही हसले.

गाडी रिकामी का जाते, ते बाबांनीच सांगितलं. गाडी पाचला, जिनिंगची पाळी सुटे साडेपाचला. तिथं कापूस निवडणाऱ्या आमच्याच गावच्या बाया रोज पायी घरी जात. मी जिनिंगच्या फाटकावर उभी राहून एकेकीला विचारलं आणि अर्ध्या पानात लिहिलं: गाडी सहाला सोडा, इतक्या बाया बसतील.

त्या दिवशी सर पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले. "आता मॅनेजर मीच. वाच." ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. "सोडली गाडी!"

"सर, डेपोत तुमी चला ना."

"मी आलो तं तो माह्याशीच बोलन. बाबाले घेऊन जा."

खऱ्या मॅनेजरनं अर्ज वाचला आणि बाबांना विचारलं, "खरंच बसतील का बाया?" साहेबासमोर कधी तोंड न उघडलेले बाबा म्हणाले, "नाई बसल्या तं मी बसवतो, साहेब!"

आठवड्याभरात गाडी सुरू झाली.

सर आता नाहीत. मी मात्र अजून काही लिहायला बसले की समोर एक खुर्ची ओढून ठेवते. घरचे हसतात, हसू देत.

त्या सहाच्या गाडीनं मी पुढची दोन वर्षं घरी आले आणि बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.