आवक नोंदवहीतलं माझं पत्र

स्वीडनमधल्या ज्या संस्थेतून मी मास्टर्स केलं, तिला विद्यापीठ म्हणायचं की नाही हा प्रश्न तिथल्या लोकांनाच पडलेला होता, तर अमेरिकेत कॅरी गावातल्या मराठी मंडळींना मी काय कपाळ समजावणार! पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेलं की भाजीवरचं झाकण निघायच्या आत पहिला प्रश्न, "रँक काय गं तुझ्या युनिव्हर्सिटीची?" मी म्हणायचे, रँक नाही. मग लगेच, "बरं, तुझी काय होती?" तीही नाही. तिथे निकाल दोनच, पास आणि उत्तम पास. टक्के नाहीत, क्लास नाही, नंबर नाही. एवढं ऐकलं की समोरच्या काकू माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी दोन वर्षं शिवणक्लासला जाऊन आले होते. शेवटी कंटाळून मी सांगायला लागले, "वर्गात पहिली होते." कोण बसलंय तपासायला!

खरं तर त्या संस्थेचा इतिहास सांगण्यासारखा होता, पण पॉटलकमध्ये नव्हे. गावात आधी शिक्षकांचं एक विद्यालय होतं, नर्सेसची एक शाळा होती आणि इंजिनिअरिंगचे काही वर्ग चालायचे. सत्तरच्या दशकात सरकारच्या मनात आलं की उच्च शिक्षण नुसतं मोठ्या शहरांत का, लांबच्या जिल्ह्यांतही हवं. मग तिघांची मोट बांधली, वर एक पाटी लावली आणि पुढे लष्करानं रिकामी केलेली छावणी त्यांना दिली. माझा संख्याशास्त्राचा वर्ग पूर्वीच्या घोड्यांच्या पागेत भरायचा. रेक्टर, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू, कॉफीच्या रांगेत माझ्या मागे उभे असायचे आणि मी त्यांना नावानं हाक मारायची! पहिले तीन महिने माझ्या तोंडून "सर" निघायचं आणि ते मागे वळून कोणाला हाक मारली ते बघायचे.

तिथे प्रत्येक गोष्टीला समिती होती आणि प्रत्येक समितीवर विद्यार्थी. आमच्या विभागाच्या समितीवर मी गेले, कारण दुसऱ्या कोणी हात वर केला नाही. आणि होते रजिस्ट्रार. सायकलवरून येणारे, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालणारे, कमी बोलणारे गृहस्थ. संस्थेत आलेल्या प्रत्येक कागदावर ते तारखेचा शिक्का मारायचे, क्रमांक टाकायचे आणि आवक नोंदवहीत चढवायचे. संस्था सरकारी, म्हणून कागद जनतेचे. रस्त्यावरच्या कोणीही आत यावं आणि रेक्टरला आलेलं पत्र बघायला मागावं. मी हे ऐकून हसले होते. आपल्याकडे स्वतःची मार्कशीट मिळवायला तीन चकरा माराव्या लागतात, आणि इथे हा प्रकार! हसून मी ते विसरूनही गेले, तिथेच माती खाल्ली.

२००४ मध्ये नवऱ्याच्या मागोमाग मी कॅरीत आले. त्याला आयटीतली नोकरी, मला व्हिसावर एक शब्द मिळाला, डिपेंडंट. म्हणजे काम करायचं नाही. सकाळी तो ड्राइव्ह करत ऑफिसला जायचा आणि मी अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसायची. कोणाच्या गाड्या कधी जातात, कधी येतात, सगळं मला पाठ झालं. पुण्यात दोन वर्षं नोकरी केलेली, परदेशात एकटी राहिलेली मी, दुपारी तीन वाजता गवार निवडताना रडायची. खोटं कशाला बोलू, फार वाईट दिवस होते ते. सुटायचा मार्ग एकच होता. घरापासून वीस मिनिटांवरच्या विद्यापीठात संख्याशास्त्राच्या पीएचडीला ॲडमिशन मिळाली तर व्हिसाही बदलला असता आणि मीही.

अर्ज केला. उत्तर आलं की तुमची संस्था आम्हाला माहीत नाही. तिचा इतिहास, तिची रचना आणि तुमचा वर्गातला क्रमांक, याबद्दल संस्थेकडून आम्हाला थेट पत्र येऊ द्या. आम्हीही त्यांना कळवलं आहे.

वर्गातला क्रमांक!

आमच्या सोसायटीत एक काका होते. व्हिसा, टॅक्स, ग्रीन कार्ड, सगळ्यांचं पेपरवर्क तेच बघायचे आणि त्यांना ते आवडायचंही. ते म्हणाले, "अगं वेडे, त्यांना काय लिहायला सांगतेस? ड्राफ्ट आपण करायचा, त्यांनी लेटरहेडवर छापून सही ठोकायची. मी माझं एक्स्पिरियन्स लेटर स्वतःच लिहिलं होतं. साहेबानं वाचलंसुद्धा नाही." पटलंच मला! आपल्याकडे दुसरं काय करतात? प्रिन्सिपॉलच्या शिफारसपत्राचा मजकूर मी कॉलेजात असतानाही मीच नेला होता. त्यांनी फक्त "हुशार" खोडून "अत्यंत हुशार" केलं होतं.

मग आम्ही दोघांनी बसून ड्राफ्ट केला. 'आमचे विद्यापीठ हे युरोपातील अत्यंत जुन्या व नामांकित विद्यापीठांपैकी एक असून, सदर विद्यार्थिनी सर्व विषयांत प्रथम आली आहे.' नवऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, "अत्यंत जुनं? तू तर सांगितलंस पागेत वर्ग भरायचा."

"पागा जुनी होती ना!" मी खेकसले.

सोबत रजिस्ट्रारना चिठ्ठी लिहिली, की कृपया एवढं लेटरहेडवर छापून सही करावी, आपले उपकार विसरणार नाही. तिकडून उत्तर आलं नाही. काका म्हणाले, म्हणजे काम झालं.

महिन्याभरानं इथल्या विद्यापीठानं भेटायला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून, केस बांधून गेले. ॲडमिशन समितीच्या अध्यक्ष पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, आवाज एकदम शांत. त्यांनी बसायला सांगितलं आणि टेबलावर तीन कागद मांडले.

पहिला रजिस्ट्रारांचा. आमची संस्था लहान आहे, तीन शाळा एकत्र करून सरकारनं ती काढली. विद्यापीठाचा दर्जा मागितला होता, अद्याप मिळालेला नाही. आम्ही विद्यार्थ्यांना क्रमांक देत नाही, त्यामुळे ती पहिली होती किंवा नव्हती असं लिहिता येत नाही. ती पास झाली आहे. आपण तिच्याविषयी विचारणा केली, म्हणून आमच्या नोंदीत असलेले तिचे कागद सोबत जोडले आहेत.

दुसरा कागद माझा ड्राफ्ट. 'उपकार विसरणार नाही'सकट. वर उजव्या कोपऱ्यात तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक, अगदी सरळ, ठसठशीत. रागावून कुठे रेघ नाही, उद्गारचिन्ह नाही. आलेला कागद म्हणून नोंदला, मागितला म्हणून पाठवला! कानशिलं तापली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण तिथे कार्पेट होतं, आणि बाई वाट बघत होत्या.

तिसरा कागद मी ओळखलाच नाही. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. विद्यापीठाचा दर्जा मागावा का, हे सगळ्या विभागांना विचारलं होतं, त्या वेळचं. सगळे हो म्हणाले होते. खाली एक विरोधी मत नोंदवलेलं, माझ्या नावावर, माझ्या त्या वेळच्या तडतड्या इंग्रजीत. आमच्याकडे शिकवायला माणसं कमी आहेत. आधी माणसं घ्या, मग पाटी बदला. पाटी मोठी केल्यानं आम्ही मोठे होणार नाही, आणि बाहेर जाऊन ते खरं करून दाखवायची वेळ आम्हा विद्यार्थ्यांवर येईल.

माझंच होतं. सव्वीस वर्षांची होते मी तेव्हा, कोणाच्या बापाला भीत नव्हते.

बाईंनी ड्राफ्ट आणि इतिवृत्त, दोन्ही कागद माझ्याकडे फिरवले. म्हणाल्या, "दोन्हींवर नाव तुझंच आहे. या दोघींपैकी इथे अर्ज कोणी केलाय?"

काकांनी पढवलेली उत्तरं होती माझ्याकडे. भाषेची अडचण झाली, टायपिस्टची चूक झाली, आमच्याकडे पद्धतच तशी आहे. शेवटचं तर खरंही होतं. पण ते तिसरं पान समोर असताना त्यांतलं एकही द्यावंसं वाटेना. मी म्हणाले, "दोघींनी. वर्षभर घरात बसून पहिलीची दुसरी झाली. मला लाज वाटते. मी पास झाले होते, एवढंच खरं आहे." आणि बोलता बोलता माझा आवाज फाटला, जे मी काही केल्या होऊ देणार नव्हते.

बाईंनी टिश्यूचा डबा सरकवला आणि त्यांच्या एका जुन्या परीक्षेचा पेपर काढून दिला. तिथेच, त्यांच्यासमोर, दोन तास बसून सोडवला मी तो. उठताना विचारलं, तो ड्राफ्ट फाईलमधून काढता येईल का? त्या म्हणाल्या, "नाही. आम्हीही सरकारीच आहोत."

तीन आठवड्यांनी ॲडमिशनचं पत्र आलं. पहिल्या सत्रात कामगिरी बघू, मग कायम करू, अशा अटीवर. मी ते छातीशी धरून पार्किंग लॉटमध्ये उभी राहिले. नवरा गाडीतून उतरला, त्यानं माझा चेहरा बघितला आणि जेवणाचा डबा टपावर ठेवून दोन्ही हातांनी मला उचललं.

रजिस्ट्रारना मी माफीचं पत्र लिहिलं, ह्या वेळी कुठलाही ड्राफ्ट न जोडता. उत्तर चार ओळींचं आलं. आपलं पत्र मिळालं, नोंदवलं, क्रमांक अमुक. आपलं विरोधी मत मला आठवतं, कारण ते टाइप मी केलं होतं. आम्ही अजूनही विद्यापीठ झालेलो नाही. शिक्षक मात्र दोन नवे घेतले आहेत.

पुढच्या पॉटलकला काकांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "बघा, ड्राफ्ट आपला होता!" टाळ्याही पडल्या. एक नवीन आलेल्या काकू माझ्याकडे वळल्या आणि वाटीत आमटी घालता घालता त्यांनी विचारलं, "तिकडे तुझी रँक काय होती गं?"

"पास झाले, काकू," मी म्हणाले. "नुसती पास."