रडका मोर आणि पाच पायांची मेंढी

आधीच सांगते, माझं अक्षर वळणदार नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठं काय द्यायचं ते मला अजून नीट कळत नाही. चौथी झाली आणि मांडीवर विड्या वळायचं सूप आलं. पेन तेव्हापासून फक्त सहीपुरतं. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुका सांभाळून घ्याव्यात. नरसय्याअण्णांबद्दल बोलावं असं त्यांच्या घराबाहेर माणूस मला उरलं नाही, म्हणून लिहिते आहे.

दोन महिन्यांमागे मी कुंभारीहून शहरात चिंध्या आणायला गेले होते. गणवेश शिवणाऱ्या एका दुकानातून मी कातरणी किलोवर घेते, त्यांच्या वाकळा शिवते. दुकानदार तराजूत कापड टाकता टाकता म्हणाले, "तुमचे ग्राफवाले अण्णा गेले की ओ. कळलं न्हाय? काल दहावा बी झाला."

मी म्हणाले, "अजून पावशेर घाला."

असं का म्हणाले ते मला अजून कळत नाही. पिशवी घेऊन मी स्टँडवर आले, दोन बस सोडल्या. अण्णांचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. पण गेले नाही. त्याआधीचे तीन महिनेही मी त्यांच्या घरी गेले नव्हते, आणि त्याला कारण होतं...

अण्णा चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. चौकटीचा मोठा कागद, एक चौकट म्हणजे कापडातली एक गाठ. त्या बारीक चौकटी रंगवून ते मोर काढायचे, कमळ काढायचे. त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पडायची आणि मागावर हजारो चादरी निघायच्या. चादर लोक पांघरतात, पण तिच्यावरचा मोर कुणीतरी कागदावर बसून काढलेला असतो हे मलासुद्धा आधी माहीत नव्हतं. पुढं ते काम कॉम्प्युटरवर गेलं. अण्णा घरी बसले, ग्राफ काढायचे मात्र थांबले नाहीत.

त्यांची माझी ओळख चोरीतून झाली. मी त्यांच्या गल्लीतल्या कारखान्यात वळलेल्या विड्या द्यायला जायची. दोरीवर वाळत घातलेल्या एका चादरीवरचा मोर मला फार आवडला. रोज उभी राहून थोडा थोडा डोळ्यांत भरून घेतला आणि घरी येऊन वाकळेवर उतरवला. ती वाकळ त्याच गल्लीतल्या एका बाईला द्यायला नेली, तर समोरच्या ओट्यावरून अण्णा चष्मा कपाळावर सरकवत उतरले आणि वाकळेवर वाकले.

"हा रडका मोर कुटनं आणलास गं?"

मी घाबरून म्हणाले, "माझाच हाय."

"तुझा? मग ह्याच्या डोळ्याखाली ही चौकट कशाला?"

मोराच्या डोळ्याखाली मी नखाएवढं लाल ठिगळ लावलं होतं. चादरीवर होतं, म्हणून लावलं. अण्णा ओट्यावर बसून पोट धरून हसायला लागले. आतून त्यांची बायको, म्हणजे माझ्या वहिनी, पिठाच्या हातानं बाहेर आल्या. झालं होतं असं, की ग्राफ काढताना अण्णांना डुलकी लागली आणि एक चौकट चुकून कोरी राहिली. ना मालकाला दिसलं, ना व्यापाऱ्याला. सगळ्या चादरींवरचे मोर रडत विकले गेले. "आणि चेल्ली, तू चादर उलट्या बाजूनं बघितलीस," ते म्हणाले. "माझा मोर लाल हाय, उजवीकडं बघतो. तुझा पांढरा, डावीकडं बघतो. चोरी केलीस ती बी उलटी!"

चेल्ली म्हणजे तेलुगूत धाकटी बहीण. पहिल्याच भेटीत चोरणीला असं कोण म्हणतं? मला रडू आलं. वहिनींनी अण्णांच्या पाठीत पिठाचा धपाटा घातला, "रडवलं बघा तिला! मोर कमी पडला व्हय?"

तेव्हापासून दर गुरुवारी मी त्यांच्याकडं जाऊ लागले. माझा नवरा लवकर गेला, मुलगी पुण्याला दिली. एका खोलीत माझं मला. गुरुवार तेवढा माणसांत जायचा. अण्णा मला शिकवायचे असं नाही, बघायला लावायचे. कुणाच्या दारातली रांगोळी, हायवेच्या धाब्यावर थांबलेल्या ट्रकच्या मागची हरणं, कासारणीच्या पेटीतल्या बांगड्यांची ओळ. एकदा भर रस्त्यात एका ट्रकसमोर असे उभे राहिले, की ड्रायव्हर खाली उतरला, "काय पाहिजे चाचा?" अण्णा म्हणाले, "तुझ्या पेंटरचं नाव." ड्रायव्हरला ते ठाऊक नव्हतं. अण्णांना दिवसभर चुकल्यासारखं झालं होतं. घरी येऊन त्यांनी ते हरीण काढलं आणि ग्राफच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं, ट्रकवाल्याचं, नाव ठाऊक नाही. त्यांच्या प्रत्येक ग्राफच्या कडेला असं काहीतरी असायचं. वेल कुठल्या दारातली, रंग कुणाच्या लुगड्याचा.

एक दिवस मी विचारलं, "अण्णा, दुसऱ्याचं बघून केलं तर ती चोरीच की."

त्यांनी वहिनींना हाक मारली. "आपण उसनी साखर कशी आणतो?"

"वाटी सपाट करून."

"आन् परत देताना?"

"शिगोशीग, वर रास करून. एवढं बी समजंना व्हय?" म्हणून त्या आत गेल्या.

"चित्राचं बी तसंच हाय चेल्ली. सपाट घ्यायचं. देताना वर आपली शीग पाहिजे. आन् कुणाच्या घरनं आणलं ते इसरायचं न्हाय."

त्या रात्री मी माझी शीग शोधली. माझी आई मेंढरामागं फिरणारी, प्रत्येक वाकळेच्या कोपऱ्यात एक मेंढी शिवायची. मी नव्या वाकळेवर तोच रडका मोर घेतला आणि त्याच्या पायाशी ती मेंढी बसवली. शेपटी जरा लांब झाली, तिला पाच पाय आल्यासारखं दिसायला लागलं. उसवणार होते, पण अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पळंल जोरात."

तीच वाकळ बचत गटाच्या बायकांनी प्रदर्शनात नेली. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी तिच्यावर हात फिरवला आणि विचारलं, "ही नक्षी तुमच्या मनातली?" आजूबाजूला दहा बायका बघत होत्या. सांगायला दोनच शब्द होते, अण्णांची हाय. मी हो म्हणून मान हलवली. बाईंनी पुठ्ठ्यावर लिहून वाकळेला टाचलं, नक्षी आणि शिवण : हौसाबाई.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. धुतलेला सदरा घालून, वहिनींना न आणता एकटेच. चष्मा वर सरकवून त्यांनी पुठ्ठा वाचला. पुन्हा वाचला. मग मोराच्या डोळ्याखालच्या चौकटीवर बोट ठेवलं... "टाका चांगला बसलाय," एवढंच म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. गर्दीतून त्यांची पाठ दिसत होती, तोवर हाक मारता आली असती.

वाकळ त्या बाईंनीच विकत घेतली. पुढच्या गुरुवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दर वेळी ठरवायची, जाऊन पाय धरायचे, सांगायचं. मग वाटायचं, ते काहीच म्हणाले नाहीत तर? रागावले असते तर मी गेले असते. अशा तीन महिन्यांनंतर दुकानदारानं ती बातमी दिली.

शेवटी महिनाभरानं गेले. वहिनी ओट्यावर एकट्याच शेंगा फोडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस? गुरुवार लई लांबला की गं तुझा." आणि सरकून जागा दिली. मी सगळं सांगून टाकलं. पुठ्ठा, मान हलवलेली, सगळं. त्यांनी हातातली शेंग फोडली नाही, तशीच धरून ऐकलं. मग आत नेलं. खिडकीखाली अण्णांची ग्राफ काढायची फळी तशीच होती, तिच्यावर चिमटे लावलेला अर्धा ग्राफ.

त्यावर मेंढी होती. माझी मेंढी. शेपटी लांब, पाच पायांची. एकेक चौकट जपून रंगवलेली. आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं : मेंढी हौसाची. उसनी.

मी फळीजवळ खाली बसले. वहिनी म्हणाल्या, "प्रदर्शनातनं आले आन् हेच काढत बसले. म्हटलं, तिला बोलवू का. तर म्हणाले, येईल की, तिची मेंढी हाय हितं."

त्याच दिवशी बचत गटातून नंबर घेऊन वहिनींसमोर मी पुण्याच्या बाईंना फोन लावला. अनोळखी माणसाला स्वतःहून केलेला हा माझा पहिलाच फोन. बाईंनी दोनदा हॅलो म्हटलं, तेव्हा वहिनींनी मला कोपर मारलं. मी म्हणाले, "बाई, त्यो मोर माझा न्हाय. नरसय्याअण्णांचा हाय. ग्राफ काढायचे. तवा मी बोलले न्हाय."  बाई म्हणाल्या, नाव कापडावर शिवून पाठवा, मी वाकळेला लावते. रुमालाएवढ्या कापडावर मी ते नाव काळ्या दोऱ्यानं शिवलं. नरसय्यामधलं जोडाक्षर वहिनींकडून दोनदा तपासून घेतलं. इथं वहीत चुका चालतील, तिथं नको होती.

वहिनींनी तो ग्राफ मला दिला. अर्धा होता, पुढचं मी माझ्या मनानं केलं. काल वाकळ पुरी झाली. ती नेऊन अण्णांच्या खाटेवर पसरली. वहिनी खिडकीच्या उजेडात चौकटी मोजल्यासारखं बोट फिरवत गेल्या. पाय मोजले, पाच भरले, हसल्या. मग बोट मेंढीच्या डोळ्याखाली थांबलं. तिथं नखाएवढं लाल ठिगळ होतं.

"हे ग्राफवर नव्हतं," त्या म्हणाल्या. "चुकून लागलं?"

"न्हाय वहिनी," मी म्हणाले. "ही शीग हाय."