गाडीच्या खांद्यावरची हळद

नखाएवढा तुकडा निघाला. त्याच्या शेजारी पुन्हा नखाएवढाच. बोनेटवर हीटगन धरायची, फिल्म गरम झाली की प्लास्टिकच्या पातीने कड उचलायची आणि सावकाश ओढायची. चांगली फिल्म असेल तर अख्खा ताव हातात येतो. ही येत नव्हती. वाळल्या पापडासारखी मोडत होती. मे महिना, यवतमाळचं ऊन, डोक्यावर टिनाचं शेड आणि हातात गरम हवा फेकणारी बंदूक. कूलर लावायची सोय नाही, कारण वाऱ्याने फिल्म गार पडते आणि आणखी मोडते. लोक म्हणतात, फिल्म लावायला कला लागते. काढायला काय लागतं ते माझ्या कमरेला विचारा.

ही फिल्म म्हणजे पीपीएफ. मोबाईलच्या काचेवर कव्हर चिकटवतो ना, तसंच गाडीच्या रंगावर जाड, पारदर्शक प्लास्टिक. खडा उडाला, बोरीची फांदी घासली, तर ओरखडा फिल्मवर जातो, रंग वाचतो. पण तिलाही आयुष्य असतं. ते संपलं की ती पिवळी पडते, तडकते आणि तिचा गोंद रंगाला धरून बसतो. वेळेवर काढली तर सोपं काम. वेळ गेली की शिक्षा, आणि ती फिल्म लावणाऱ्याला होत नाही, काढणाऱ्याला होते.

गाडी पांढरी होती. मालक परसरामकाका, आर्णीकडच्या एका तांड्यावरचे शेतकरी. गाडी नवी घेतली तेव्हाच शोरूमवाल्याने त्यांच्या गळ्यात ही फिल्म मारली होती. गॅरंटी केव्हाच सरली. काकांनी फिल्म काढली नाही. त्यांच्या मते कंपनीने घातलेलं कातडं ते कातडं. सगळ्या अंगावर भेगा पडल्या तरी ते गाडी त्याच कौतुकाने पुसत राहिले.

आता ती गाडी त्यांच्या मुलीकडे चालली होती. सविता तिचं नाव. राजूरला कोळसा खाणीजवळच्या दवाखान्यात नर्स म्हणून तिची नेमणूक झाली होती. पहिलीच पक्की नोकरी, दिवसपाळी-रातपाळी, त्यामुळे गाडी हवीच. सोमवारी हजर व्हायचं होतं. बापाने गाडी दिली याचा तिला आनंद होता, पण गाडीकडे पाहिलं की तिचं तोंड वाकडं व्हायचं.

"भाऊ, पहिल्याच दिवशी हे असं खरजुलं घेऊन जाऊ काय तिकडं?" ती म्हणाली.

"होऊन जाईन," मी म्हटलं. "पन रंगाची गॅरंटी मी देत नाई. जुनी फिल्म कधी कधी क्लिअर कोट घेऊन निघते."

क्लिअर कोट म्हणजे रंगावरचा वार्निशसारखा थर. तो गेला की चमक गेली, मग पुन्हा रंग मारण्यावाचून गत्यंतर नाही.

काका शेडमध्ये खुर्ची टाकून बसून होते. मुलगी नको म्हणत होती, तरी आले होते. दर तुकड्याला विचारायचे, "दुखलं तं नाई न हिले?" आधी मला वाटलं, गंमत करतात. ते गंमत करत नव्हते.

बोनेट कसंबसं उरकलं आणि मी फेंडरकडे वळलो. फेंडर म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, बोनेटच्या दोन्ही बाजूंचा. तिथली फिल्म जास्तच पिवळी होती. म्हटलं, इथे अर्धा दिवस जाणार. पात लावली, कड उचलली आणि काय आश्चर्य, केळीच्या सालीसारखी सगळी फिल्म एका झटक्यात निघून हातात आली. दुसऱ्या बाजूचीही तशीच. खालचा गोंद मऊ पडला होता आणि त्याला कसलासा खवट वास येत होता. मी वासाकडे लक्ष दिलं नाही. थकलेल्या माणसाला फुकटचं मिळालं की तो चौकशी करत नाही.

फिल्म निघाली तरी पत्र्यावर तेलकट पिवळा ओघळ राहिला होता. म्हटलं, गोंद असेल. आमच्याकडे एक क्लीनर असतो, कडक साबणासारखा. तो फवारला.

पांढरा फेंडर लालभडक झाला.

मी मागेच सरलो. इतकी वर्षं गाड्या घासतोय, असं कधी पाहिलं नव्हतं. पहिला विचार एकच आला: क्लीनरने रंग जळाला, आता या पोरीला काय तोंड दाखवू? पाण्याचा पाइप ओढला, भराभर धुतलं. लाल जरा उतरलं, पण केशरी डाग राहिलाच. घाबरून दुसऱ्या फेंडरवर थोडा क्लीनर टाकून पाहिला. तोही लाल.

"भाऊ, काय केलं हे?" सविताचा आवाज चढला. "जळला न रंग?"

 मागून काका म्हणाले, "हळद हाये थे."

आम्ही दोघं वळलो. काका खुर्चीवरून उठले होते.

"हळद अन् तूप. पोळ्याच्या आंदल्या दिवशी लावतो मी."

हळदीला साबण लागला की ती लाल होते. लग्नाचे कपडे धुणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण गाडीच्या पत्र्यावर हळद असेल हे कोणाच्या डोक्यात येणार?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदमळणी होते. वर्षभर जू वाहून सोलवटलेले खांदे कोमट पाण्याने शेकायचे, हळद-तूप चोळायचं आणि कानाशी दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. काकांची बैलजोडी गेली. ट्रॅक्टर भाड्याने यायला लागला. गोठ्यात बैलांच्या जागी गाडी उभी राहू लागली.

"मंग खांदमळनी कोनाची करू?" काका म्हणाले. "गोठा तं रिकामा ठेवता येत नाई त्या दिवशी. हिचे खांदे हेच. पळसाच्या पानानं शेकतो, हळद-तूप लावतो, आवतन देतो. आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"बा! गाडीले?"

"काहून? हिनं का कमी वाह्यलं? सरकी वाह्यली, खत वाह्यलं. तुह्या याडीले दवाखान्यात नेलं. तुले परीक्षेले आनलं."

याडी म्हणजे आई. सविताने ते ऐकलं, पण त्या वेळी तिला फक्त डाग दिसत होता. एवढ्या वर्षांचं तूप फिल्मच्या कडेतून आत मुरत गेलं होतं आणि हळदीला सोबत घेऊन गेलं होतं. फिल्म सुखासुखी का निघाली तेही आता कळलं. तुपाने गोंद ढिला केला होता.

मी स्पिरिट लावलं. थोडं उतरलं. पॉलिश मारलं. आणखी थोडं. डाग मात्र हटेना. शेवटी शेजारच्या शेडमधून शकीलभाईंना बोलावलं. ते पेंटर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बोट फिरवलं.

"कंपनी का कलर है, भाऊ. एक बार घिसा तो गया. दूसरा मारूंगा, लेकिन ये वाला सफेद नहीं आएगा."

खरं होतं. पांढऱ्यातही सतरा पांढरे असतात. नवा फेंडर आणि जुना दरवाजा शेजारी आले की आंधळाही ओळखतो.

"मारा," सविता म्हणाली. "इलाज नाई." मग बापाकडे वळली. "अन् बा, आता गाडी माही हाय. यापुढं पोळा असो का काही असो, हिले हात नको लावू. समजलं?"

"बरं," काका म्हणाले.

एवढंच. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर आधी हायसं वाटलं, कारण माझा क्लीनर आरोपातून सुटला होता. वाईट त्यानंतर वाटलं. काका पुन्हा खुर्चीवर बसले, पण आता ते गाडीकडे पाहत नव्हते. दर तुकड्याला विचारणारा माणूस गप्प झाला. मला त्याची इतकी सवय झाली होती की काम जड जाऊ लागलं.

सविता जेवणाचा डबा आणायला शहरातल्या मावशीकडे गेली. शकीलभाई फेंडर घासायला मशीन लावणार तोच लाइन गेली. हीटगन बंद, त्यांचा कॉम्प्रेसर बंद. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइन गेली की ती कधी येईल हे विचारायचं नसतं. टपावरची फिल्म अजून बाकी होती. म्हटलं, हीटगन नाही तर वर सूर्य तर आहे. दोघांनी मिळून गाडी ढकलत अंगणात आणली. टप तापू लागला. मी शिडीवर चढून एकेक तुकडा उपटत बसलो. डोक्याला फडकं बांधलं होतं तरी डोळ्यांपुढे चांदण्या नाचत होत्या. असा वैताग आला होता की विचारू नका. या वयात माणसाने हिशेबाच्या गादीवर बसावं, शिडीवर नाही.

काकाही उन्हात आले. गाडीची डावी बाजू रस्त्याकडे होती. समोर चहाची टपरी, तिथे चार माणसं बसलेली. काकांनी डोक्याचा गमछा काढला आणि त्या बाजूच्या फेंडरवर पसरला. मला वाटलं, घामाचा आहे, वाळत घातला असेल.

"काका, सावलीत बसा," मी वरून ओरडलो.

"ठीक हाय इथं," ते म्हणाले आणि उघड्या डोक्याने तिथेच उभे राहिले.

उन्हं कलायला लागली तेव्हा सविता परतली. बापाला तसं पाहून डबा खाली ठेवला आणि आधी गमछा उचलला, त्यांच्या डोक्यावर द्यायला. तिचा हात तिथेच थांबला.

"भाऊ, खाली या."

मी उतरलो. गमछा होता तेवढ्याच जागेवर केशरी डाग होता, गमछ्याच्या कोपऱ्यासकट, कापून काढल्यासारखा. त्याच्या चौफेर फेंडर पांढरा. आम्ही पलीकडच्या बाजूला गेलो. तो फेंडर उघडाच होता. त्यावर डाग शोधावा लागत होता.

शकीलभाई आले, पाहिलं आणि हसले. "धूप खा गई."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हळदीचे कपडे बायका उन्हात टाकतात ते उगाच नाही. ऊन हळद खातं. गाडीवर नुसती हळद लावली असती तर ती वर्षभरात कधीच उडून गेली असती. पण ती फिल्मखाली शिरली, आणि फिल्म ऊन अडवते. आमच्या जाहिरातीतलं पहिलं वाक्य हेच असतं. फिल्मने रंगाबरोबर हळदही सांभाळली होती. सविताला मी हे सगळं समजावून सांगितलं.

"मंग रंग?" सविताने विचारलं.

"कायले मारायचा?" मी म्हटलं. "उद्यापर्यंत उन्हात उभी राहू द्या. अख्खा डाग जाते."

ती गमछा हातात घेऊन बापाकडे गेली. "बा, हे झाकून कायले ठेवलं होतं?"

"लोकं पाहून राह्यले होते न," काका म्हणाले. "तुही गाडी. डागाची दिसन."

सविताने बादलीत गमछा भिजवला, पिळला आणि त्यांच्या डोक्यावर घातला. मग डबा उघडून आधी त्यांच्या पुढे ठेवला. मी शिडी उचलून उगाच शेडमध्ये गेलो. तिथे मला काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी पूर्ण पांढरी झाली. कंपनीचा रंग जिथल्या तिथे. टपाची फिल्म निघाली, गोंद निघाला, एक हलकं पॉलिश झालं. राजूरकडे कोळशाची धूळ फार, रस्त्यावर डंपर खडे उडवतात, म्हणून सविताने नवी फिल्म लावायचं ठरवलं होतं. बोनेट झालं, आरसे झाले, दरवाजे झाले. फेंडरसाठी ताव कापायला घेतला तर ती म्हणाली, "तिथं नका लावू. खांदे मोकळे ठेवा."

"सगळ्यात जास्त खडे तिथंच लागतात."

"लागू द्या. झाकलं तं राह्यते, मोकळं ठेवलं तं ऊन घेऊन जाते, असं तुमीच म्हनलं न?" आणि आवाज न बदलता बापाला म्हणाली, "पोळ्याले सुट्टी टाकतो मी. आंदल्या दिवशीच येतो. गाडी घेऊन."

काकांनी पुन्हा गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुह्या याडीले आतापासून तूप जमवाले सांगा लागन."

"थोडंच लाव, बा."

"थोडंच," काका म्हणाले. त्यांचं थोडं किती असतं ते मी दोन दिवस घासलं होतं. 

या कामातून मी काय शिकलो? फिल्म वेळेवर काढावी. आयुष्य संपलेली वस्तू कौतुकाने ठेवली की दुसऱ्याची कंबर जाते. आणि क्लीनर फवारण्याआधी वास घ्यावा. बाकी धंदा होता तसाच चालू आहे, कंबरही तशीच आहे. फक्त फिल्मची गाडी आली की मी आता वॉरंटीच्या आधी एक प्रश्न विचारतो: पोळ्याला गाडीला काय लावता? पुष्कळ जण हसतात. काही जण आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहतात आणि हळूच सांगतात, "तूप."