सीटखालचं बटण

पाचोऱ्याला स्टेशन रोडवर रेडिओ दुरुस्त करणारा एक मिस्तरी होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या उघड्या हुडाच्या जीपमध्ये मला टेप बसवायचा होता, पण तो आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दिसता कामा नये. जीप केळीच्या कामाची, गाण्याबिण्याची नव्हे, असं ते चारचौघांत सांगायचे.

मिस्तरीनं आधी मला जीप पळवायला लावली. स्वतः मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन, डोळे मिटून मागं बसला आणि वाऱ्यात आवाज कुठं विरतो ते ऐकत राहिला. वैद्यसुद्धा इतका वेळ नाडी धरत नाही. मग त्यानं सीटखाली स्पीकर दडवले, खोक्यांत आमच्याच शेतातला कापूस भरला आणि बटण डाव्या सीटखाली लावलं.

"अहो, तिथं आबा बसतात!"

"राहू द्या भाऊ, तठेच बरं शे," म्हणत तो मिशीतल्या मिशीत हसला.

दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन बोदवडला निघालो. गाव मागं पडताच आबांनी खाली न बघता सीटखाली हात घातला. गाणं सुरू झालं. आवाज झकास होता. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"समोर बघ," आबा म्हणाले. "तुझ्या आधी मीच टेप बसवाचं सांगेल होतं त्याले. तू हसशीन, म्हणून लपवाले लावलं."