अंडी पेणला, खुडूक अष्टमीला

चळवळीचं पत्रक लिहिताना मी एक नियम पाळते: राग कुणावर आहे ते सुरुवातीलाच सांगून टाकायचं. तर इथे राग आहे कोंबड्या वाटणाऱ्या योजनेवर. आईवरही आहे, पण तिच्यावर रागावणं मला कधी नीट जमलेलं नाही.

योजनेच्या कोंबड्या आमच्या पेण तालुक्यातल्या गावात टेम्पोतून आल्या. आईनेही घेतल्या. तांबड्या, गुबगुबीत, जवळजवळ रोज अंडं देणाऱ्या. फक्त खुडूक होत नसत. गावठी कोंबडीला मध्येच आई व्हायचं वेड लागतं. पिसं फुलवून ती घरट्यावर ठाण मांडते, हात घातला तर टोचते. या जातीतून ते वेडच काढून टाकलेलं. म्हणजे पिल्लं हवीत तर पुन्हा योजनेच्या दारात उभं राहा. याला मी गुलामी म्हणते, आणि पत्रकात तसंच छापलं होतं.

माझ्याआधी हे ओळखलं होतं आत्याने. आत्या अष्टमीला राहते, रोह्याहून पूल ओलांडला की. गणपतीला आमच्याकडे आली तेव्हा सगळ्यांसमोर आईला म्हणाली, "कंपनीच्या कोंबड्या गो ह्या. शिफ्टला येतात, अंडं टाकतात नि जातात. बसायच्या नायत कधी."

सगळे हसले. आई नाही हसली. "तुमच्या गटारात चरणाऱ्या गावठींपेक्षा बऱ्या, वन्सं," म्हणाली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

थंडीत मुंगसाने ठिपकीला नेलं. आईच्या माहेराहून आलेल्या कोंबडीच्या वंशातली ही शेवटची. ती खुडूक व्हायच्या आतच गेली. मागे राहिली तिची अंडी. तो वंश आता तेवढ्यातच होता.

आईने ती टोपलीत, भाताच्या तुसात ठेवली. निमुळतं टोक खाली, माठाशेजारच्या गार कोपऱ्यात. रोज दिवेलागणीला एकेक अंडं हलकेच कलतं करायची, आतला जीव कवचाला चिकटू नये म्हणून. एकही धुतलं नाही. मातीचा डाग कोरड्या फडक्याने टिपला, बस. एरवी भांडी आदळत काम करणारी माझी आई त्या टोपलीपाशी बसली की तिचे हात मऊ व्हायचे. पण ठेवलेलं अंडं कायम थांबत नाही. आठवडाभर, फार तर थोडं पुढे. मग आतला जीव मुकाट विझतो. आणि गावात घरोघरी योजनेच्याच कोंबड्या.

"आत्याला फोन कर," मी म्हटलं.

"बघू."

"बघू काय? अंडी शिळी होतायत."

"मला नको शिकवू गो. तहसीलदाराला शिकव जा."

"तहसीलदार तुझ्याआधी ऐकतो."

"मग त्यालाच बसव अंड्यांवर."

बाबांना चहाचा ठसका लागला. बाबा पेणच्या कारखान्यात गणपती रंगवतात. बायको आणि बहीण यांच्या मध्ये ते कधी पडत नाहीत. चळवळीत अशा माणसाला आम्ही कुंपणावरचा म्हणतो. मी तोंडावर म्हटलंही. ते कपबशी विसळायला उठले.

मग एका संध्याकाळी अंडी कलती करता करता आई थांबली. हात पुसले, आमच्याकडे पाठ करून फोन लावला. खोकल्याची चौकशी झाली, वालाची झाली, एसटीच्या नव्या वेळांची झाली. शेवटी एकदाचं, "वन्सं, तुमच्यात कोण खुडूक हाय काय?"

आत्याचा आवाज आख्ख्या घराला ऐकू आला. "हाय! कधीची बसलीय! पाठव गो!"

सकाळी मी तुसाने भरलेला डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. खड्डा आला की डबा वर उचलायचा. रोह्यापर्यंत माझे दंड भरून आले. आत्याच्या परसात जुन्या खोक्यात कोंबडी फुगून बसली होती. आत्याने तिला उचललं, तर खाली पांढरीशुभ्र अंडी!

मी भडकले. "आत्या, हिच्याखाली तर अंडी आहेत! मग आमची कशाला मागवलीस?"

"हात लाव."

जड. गुळगुळीत. शाडूची, वर पांढरा रंग. गणपतीच्या पोटावरून फिरवावा तसा हात फिरवून घोटलेली.

"तुझ्या बापानं आणलीत. ठिपकी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाला, ताई, कोंबडीला बसती ठेव, पोरीची आई करेल फोन."

"मग तूच का नाही केलास?"

"मी का करू? माझं खरं ठरलं होतं ना! बसल्या काय तुमच्या कंपनीच्या?"

मी तिथल्या तिथे भाषण सुरू केलं. तिने अर्ध्यावर तोडलं. एसटीत हादरलेली अंडी लगेच बसवायची नाहीत म्हणाली. त्यांना एक रात्र पडू दे, आणि तूही पड.

तीन आठवड्यांनी फोन आला. आत्याने तो खोक्याशी धरला असावा. आई कितीतरी वेळ नुसती पिल्लांची चिवचिव ऐकत राहिली, पदर तोंडाला लावून.

"सगळी निघाली?" तिने विचारलं.

"निम्मी गो. बाकीची तुझ्या 'बघू'त गेली."

"आणि तुमच्या 'मी का करू'त काय कमी गेली?" हे मीच तिला येऊन सांगितलं होतं.

मग दोघी अशा हसल्या की मला फोन हातात घ्यावा लागला. तो परत मिळताच पिल्लं कुणी किती घ्यायची यावरून त्यांचं नवं भांडण जुंपलं. बाबा चपला घालून बाहेर निघून गेले.